अडकलेला डिफ लॉक

फोर व्हील ड्राइव्ह गाडीतल्या मधल्या डिफरन्शियलचा लॉक झिजून बाद झाल्याचं क्वचितच दिसतं. तो बाद होतो पडून राहिल्यामुळे. गाडी घेतल्यावर मालक एकदा हौसेने लिव्हर हलवून बघतो, डॅशबोर्डवरचा दिवा लागतो, त्याचं समाधान होतं. मग वर्षानुवर्षं त्या लिव्हरला कोणी हात लावत नाही. पुढे कधीतरी गाडी खरोखरच चिखलात रुतते आणि लिव्हर जागचा हलत नाही. मालक जोर लावतो, शेजारी बसलेला जोर लावतो, कुणी लाथही घालतं. या जोरापायी चांगले असलेले भाग वाकतात आणि जो भाग खरोखर अडकलेला असतो तो तसाच राहतो.

या प्रकरणात एकच गाडी धरून बोलू या: जुनी लँड रोव्हर डिफेंडर आणि तिच्यातली एलटी-२३० ही ट्रान्सफर केस, म्हणजे गिअरबॉक्सचा जोर पुढच्या आणि मागच्या ॲक्सलला वाटणारी, मधलं डिफरन्शियल पोटात असलेली पेटी. १९८३ साली ती लँड रोव्हरच्या वन टेन गाडीत आली, पुढे डिस्कव्हरीत बसली, काही वर्षं रेंज रोव्हरमध्येही होती, आणि २९ जानेवारी २०१६ रोजी इंग्लंडमधल्या सोलिहल कारखान्यातून शेवटची डिफेंडर बाहेर पडली तेव्हाही तिच्या पोटात हीच केस होती. तिचा लॉक चालवायला मोटर नाही, कॉम्प्युटर नाही. हाताने सरकवायचा लिव्हर, सळी, पिन, फोर्क आणि दाते एवढाच कारभार. त्यामुळे बिघाड डोळ्यांनी बघता येतो, बोटांनी चाचपता येतो. शिवाय ब्रिटनमध्ये हिवाळ्यात रस्त्यावर बर्फ धरू नये म्हणून मीठ टाकतात. ते खारं पाणी गाडीच्या पोटाखाली उडत राहतं आणि हा आजार तिथल्या गॅरेजवाल्यांच्या रोजच्या ओळखीचा झाला आहे. कोकणातली खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस लोखंड-ॲल्युमिनियमच्या बाबतीत याहून फारसे दयाळू नसतात.

मधे डिफरन्शियल कशाला?

एका ॲक्सलवरच्या दोन चाकांमध्ये डिफरन्शियल का लागतं हे बहुतेकांना माहीत असतं. वळताना बाहेरचं चाक आतल्यापेक्षा जास्त अंतर कापतं, म्हणून दोघांना वेगवेगळ्या वेगाने फिरू द्यावं लागतं. मधल्या डिफरन्शियलचं कारणही तेच, फक्त जोडी वेगळी. वळणावर मागची चाकं पुढच्या चाकांच्या वाटेने जात नाहीत, ती आतून जातात. लांब गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाला हे कोपऱ्यावरच्या दगडाने शिकवलेलं असतं.

हा फरक किती मोठा आहे, त्याचा हिशेब करून बघण्यासारखा आहे. डिफेंडर ११० या गाडीच्या पुढच्या आणि मागच्या ॲक्सलमधलं अंतर ११० इंच, म्हणजे सुमारे २.७९ मीटर. मागच्या ॲक्सलचा मध्य ५ मीटर त्रिज्येच्या वर्तुळात फिरतो असं धरा. पायथागोरसच्या नियमाने पुढच्या ॲक्सलची त्रिज्या सुमारे ५.७३ मीटर येते. एक पूर्ण वर्तुळ फिरताना मागची चाकं सरासरी ३१.४ मीटर चालतात आणि पुढची ३६ मीटर. फरक ४.६ मीटरचा. टायरचा घेर अडीच मीटरच्या आसपास, म्हणजे पुढच्या चाकांना जवळजवळ दोन फेरे जास्त घ्यावे लागतात. डिफेंडरच्या ॲक्सलमधलं दात्यांचं गुणोत्तर ३.५४ असल्यामुळे तेवढ्यात पुढचा प्रोपेलर शाफ्ट मागच्या शाफ्टपेक्षा साडेसहा फेरे जास्त फिरतो. एका यू टर्नमध्येसुद्धा तीन फेऱ्यांहून जास्त फरक पडतो. डांबरी रस्त्यावर, टायरची पकड घट्ट असताना, हा फरक कुठेतरी मुरवावाच लागतो. ते काम मधलं डिफरन्शियल करतं, आणि म्हणूनच १९७० साली आलेल्या पहिल्या रेंज रोव्हरला चारही चाकांवर सतत जोर देऊन साध्या रस्त्यावर निवांत धावता आलं.

याची एक किंमत मोजावी लागते. डिफरन्शियल जोर पाठवतं तो जिकडे विरोध कमी तिकडे. चार चाकांपैकी एक जरी हवेत लटकलं किंवा शेवाळावर आलं, तरी ते एकटंच गरगरा फिरतं आणि उरलेली तीन चाकं गप्प राहतात. लॉक लावला की पुढचा आणि मागचा शाफ्ट एकमेकांना घट्ट जोडले जातात. मग पुढचं चाक घसरलं तरी मागच्या ॲक्सलला जोर मिळतो आणि गाडी निघते.

महाराष्ट्रातल्या वाचकांसाठी इथेच एक खुलासा करायला हवा. आपल्याकडे रस्त्यावर दिसणाऱ्या बहुतेक फोर बाय फोर गाड्यांत मधलं डिफरन्शियल नसतंच. मारुतीची जिप्सी आणि जिमनी, महिंद्रची थार या गाड्या एरवी मागच्या चाकांवर चालतात, आणि फोर व्हीलचा लिव्हर ओढला की पुढचा शाफ्ट थेट मागच्याला जोडला जातो. म्हणजे त्यांच्यात फोर व्हील लावणं हेच लॉक लावणं. पुण्याच्या फोर्स मोटर्सच्या गुरखाला लॉक असतात, पण ते पुढच्या आणि मागच्या ॲक्सलमधले. मधलं डिफरन्शियल आणि त्याचा लॉक असलेली गाडी हवी असेल, तर २००९ साली भारतात आलेली पहिली फोर बाय फोर फॉर्च्युनर बघावी. ती कायम चारही चाकांवर चालायची. आपल्या गाडीत नेमकं काय आहे हे मॅन्युअल उघडून आधी समजून घ्या. ते माहीत नसताना केलेली दुरुस्ती अंदाजाने चालते, आणि अंदाज चुकला तर गिअरबॉक्स उघडण्याचा खर्च येतो.

लिव्हरपासून दात्यांपर्यंत

डिफेंडरमध्ये ट्रान्सफर केसचा एकच लिव्हर दोन कामं करतो. पुढे-मागे केला की हाय आणि लो रेंज बदलते, डावीकडे सारला की मधलं डिफरन्शियल लॉक होतं. या डावी-उजवीकडच्या हालचालीला एक सळी जोडलेली असते. सळीचं दुसरं टोक ट्रान्सफर केसच्या पुढच्या हाउसिंगवर बसवलेल्या लहानशा आर्मला धरून ओढतं. आर्म एका पिनवर बसलेला असतो. ती पिन ॲल्युमिनियमच्या झाकणातून आत शिरते, आत तिला बोटासारखा एक तुकडा असतो, तो फोर्कच्या शाफ्टला ढकलतो, आणि फोर्क पुढच्या आउटपुट शाफ्टवरचा डॉग क्लच सरकवून डिफरन्शियलच्या दात्यांत बसवतो. दाते बसले की लॉक लागला. फोर्कचा शाफ्ट आपल्या जागी राहावा म्हणून त्याच्या खाचेत स्प्रिंगने दाबलेली एक गोळी असते.

आणखी एक छोटा भाग महत्त्वाचा आहे: दिव्याचा स्विच. तो लिव्हरजवळ बसवलेला नसतो. तो पुढच्या हाउसिंगमध्ये स्क्रूसारखा आत गेलेला असतो आणि आतल्या शाफ्टच्या जागेवरून दिवा लावतो. म्हणजे डॅशबोर्डवरचा दिवा लिव्हर कुठे आहे ते सांगत नाही, डॉग क्लच कुठे आहे ते सांगतो. लिव्हर डावीकडे पण दिवा लागत नाही, किंवा लिव्हर परत आला तरी दिवा जात नाही, अशा वेळी बहुतेकांचा पहिला संशय दिव्यावर जातो. माझं मत उलट आहे. तपासून खोटा ठरेपर्यंत दिव्यावर विश्वास ठेवावा.

हालचाल कुठे थांबते

दुरुस्तीचं सगळं मर्म या एका प्रश्नात आहे. हाताची हालचाल लिव्हर, सळी, आर्म, पिन, फोर्क, दाते अशी जाते. यातल्या कोणत्या टप्प्यावर ती थांबली हे कळलं की अर्धं काम झालं. ते न कळता लिव्हर ओढत राहणं धोक्याचं असतं, कारण लिव्हर लांब असतो. त्याच्या टोकाला लावलेला जोर खाली कित्येक पट होऊन पोचतो आणि सळी वाकवतो किंवा आर्म मोडतो.

गाडी सपाट जागी उभी करा, इंजिन बंद, चाकांना दोन्ही बाजूंनी दगड किंवा लाकडी ठोकळे. डिफेंडरमध्ये मधल्या सीटच्या जागेचं किंवा तिथल्या बॉक्सचं झाकण आणि खालचा पत्रा काढला की वरून हात पोचतो. डिस्कव्हरीत कन्सोल उचलावा लागतो किंवा गाडीखाली झोपून गिअरबॉक्सच्या वरून हात घालावा लागतो, आणि तिथे जागा फार अडचणीची आहे. आर्म सापडला की तिथली सळी काढून मोकळी करा. आता लिव्हर आणि ट्रान्सफर केस एकमेकांपासून सुटे झाले.

लिव्हर हलवून बघा. सळी सुटी असूनही तो जड असेल, तर दोष वरच्या बाजूला आहे. लिव्हरचे बूश सुकलेले असतात, खालचा रबरी बूट फाटून माती आत गेलेली असते, सळीच्या टोकाची क्लेव्हिस पिन गंजलेली असते. हे सोपं काम आहे. सगळं काढा, घासा, बूश खराब असेल तर बदला, ग्रीस लावून बसवा. गिअरबॉक्स उतरवून परत चढवलेल्या गाडीत सळीची लांबी चुकीची राहिलेली असू शकते. तेव्हा काहीच अडकलेलं नसतं, फक्त लिव्हरची पूर्ण चाल आर्मपर्यंत पोचत नाही.

लिव्हर मोकळा आणि आर्म घट्ट असेल, तर अडचण पिनमध्ये आहे. अनेक गाड्यांत हेच सापडतं. पिन पोलादाची, तिच्याभोवतीचं ते झाकण, म्हणजे पिनेचं छोटं हाउसिंग, ॲल्युमिनियमचं. या दोन धातूंमध्ये खारट ओल राहिली की ॲल्युमिनियम झपाट्याने सडतं, आणि त्याची पांढरी पूड मूळ धातूपेक्षा जास्त जागा घेते. बारीकशा फटीत ती फुगून पिनेला चारी बाजूंनी आवळते. कोकणातल्या बंद घराचं कुलूप पावसाळ्यानंतर किल्लीला दाद देत नाही, तशीच ही गत. पिनेवर ओ-रिंग असते, ती आतलं ऑइल बाहेर येऊ देत नाही. पण ओ-रिंगच्या बाहेरचा भाग उघडाच असतो, आतल्या ऑइलचा त्याला थेंबही मिळत नाही. ट्रान्सफर केसचं ऑइल वेळच्या वेळी बदललं तरी ही पिन गंजते, ती यामुळे.

तिला सोडवण्यासाठी हवं ते गंज सोडवणारं पातळ तेल आणि वेळ. आधी ब्रशने माती काढा, मग पिन हाउसिंगमधून बाहेर येते त्या कडेला तेल सोडा आणि रात्रभर मुरू द्या. दुसऱ्या दिवशी आर्मला छोटा पाना लावून हलक्या हाताने इकडे-तिकडे करा. पहिल्यांदा केसभरही हलली तरी पुरे. पुन्हा तेल, पुन्हा इकडे-तिकडे. एकाच दिशेने जोर लावू नका. मागे-पुढे केल्याने पूड बाहेर पडते आणि तेल आत जातं. हातोडा वापरू नका, ॲल्युमिनियमचं हाउसिंग ठोकल्यावर तडकतं. ऊब द्यायची असेल तर गरम हवेची गन वापरा. त्याच उष्णतेने ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतं, म्हणून हाउसिंग तापलं की पकड सैल होते. पण गरम करायचं ते तेल टाकण्याआधी किंवा तेल नीट पुसून घेतल्यावर. उघडी ज्योत तिथे नकोच. आसपास ऑइल, वायरिंग आणि गालिचा असतो.

डब्ल्यूडी-४० सगळ्यांच्या घरात असतं आणि सगळे तेच मारतात. १९५३ साली अमेरिकेत ते बनवलं गेलं ते धातूवरचं पाणी हटवण्यासाठी. ते काम ते चोख करतं आणि गंज सोडवायलाही मदत करतं, पण ते टिकणारं वंगण नाही. पिन मोकळी झाल्यावर घट्ट, पाण्याने न धुपणारं ग्रीस लावलं नाही, तर पुढच्या पावसाळ्यानंतर सगळं पहिल्यापासून करावं लागतं.

दोन-तीन दिवसांत पिन हलली नाही, तर पिनेच्या हाउसिंगचे बोल्ट काढून ते वर उचलावं लागतं. त्याआधी आजूबाजूची जागा अगदी स्वच्छ करा, कारण आत पडलेला खडा थेट दात्यांत जातो. हाउसिंग टेबलावर आलं की काम निवांत होतं. पिन बाहेर काढा, बारीक पॉलिश पेपरने घासा, भोकातली पांढरी पूड साफ करा, नवी ओ-रिंग घाला, ग्रीस लावा, सीलंट लावून परत बसवा. आणि हाउसिंग निघालेलंच आहे तर त्या भोकातून फोर्कचा शाफ्ट हलवून बघा. तो मोकळा सरकला तर आत सगळं ठीक आहे, आणि बहुतेक वेळा ते ठीकच असतं, कारण आतले भाग ऑइलमध्ये असतात.

शाफ्टच अडकलेला असेल, तर ऑइल बघा. दुधाळ दिसलं तर आत पाणी गेलं आहे. ओढ्यातून गाडी घालणाऱ्यांच्या बाबतीत याचं कारण ठरलेलं असतं. ट्रान्सफर केस तापलेली असते, थंड पाण्यात शिरल्यावर आतली हवा आकसते. हवेच्या नळीचं तोंड चिखलाने बुजलेलं असेल, तर ही तूट ऑइल सीलच्या फटीतून पाणी ओढून भरून निघते. ऑइल काढताना तळाच्या प्लगवर करडी लापशी दिसली तर घाबरू नका, ती नेहमीची झीज आहे. धातूचे तुकडे निघाले तर मात्र केस उघडायलाच हवी. केसमध्ये ८०डब्ल्यू-९० दर्जाचं गिअर ऑइल साधारण सव्वादोन लिटर लागतं, आणि पातळी भरायच्या भोकाच्या कडेपर्यंत आली की पुरे.

गंज नसताना अडकतो तेव्हा

लॉक लागतो नीट, पण सुटत नाही, ही वेगळी तक्रार आहे. इथे बहुतेक वेळा काहीच बिघडलेलं नसतं. लॉक लावून गाडी टणक रस्त्यावर वळवली की वर केलेल्या हिशेबातले फेरे कुठेच मुरत नाहीत. टायर थोडे घसरतात, उरलेला फरक शाफ्ट आणि ॲक्सलमध्ये पीळ होऊन साठतो. या पिळामुळे डॉग क्लचचे दाते एकमेकांवर इतके घट्ट दाबले जातात, की फोर्क त्यांना ओढून बाहेर काढू शकत नाही. स्टिअरिंग जड होतं, वळताना टायर किंचाळतात, दिवा विझत नाही. थार किंवा जिप्सी डांबरी रस्त्यावर फोर व्हीलमध्ये चालवल्यावर लिव्हर परत येत नाही, तोही याच कारणाने.

उपाय साधा आहे. लिव्हर लॉक सोडण्याच्या जागी हलकेच धरून ठेवा आणि गाडी सरळ रेषेत काही मीटर मागे घ्या. पीळ उलट दिशेने सुटतो, दाते क्षणभर सैल होतात आणि डॉग क्लच बाहेर येतो. तेवढ्याने भागलं नाही तर एका बाजूची चाकं रस्त्याकडेच्या मातीवर किंवा गवतावर घेऊन स्टिअरिंग थोडं डावं-उजवं करत हळू चाला. दिवा विझला की काम झालं. दिवा न विझता तशीच गाडी दामटत घरी आणणाऱ्याला नंतर प्रोपेलर शाफ्टचे युनिव्हर्सल जॉइंट, ॲक्सलचे शाफ्ट आणि टायर यांपैकी काहीतरी बदलावं लागतं.

लॉक लावतानाही एक पथ्य आहे. एखादं चाक गरगरत असताना लॉक कधीच लावू नका. पुढचा आणि मागचा शाफ्ट वेगवेगळ्या वेगाने फिरत असताना दाते एकमेकांवर आपटतात आणि त्यांची टोकं उडतात. ॲक्सिलरेटर सोडा, चाकं थांबू द्या, मग लिव्हर सारा. याहून बरं म्हणजे चिखल समोर दिसला की आत शिरण्यापूर्वीच लॉक लावणं.

दिवा खरोखरच खोटा बोलत असेल, तर तेही तपासता येतं. पुढचं एक चाक जॅकने उचला, मागच्या चाकांना ठोकळे लावा, हँडब्रेक ओढा, गिअर न्यूट्रलमध्ये ठेवा. लॉक सोडलेला असेल तर उचललेलं चाक हाताने फिरतं, लॉक लागलेला असेल तर फिरत नाही. चाक फिरत नाही आणि तरी दिवा नाही, असं असेल तर दोष स्विचचा किंवा त्याच्या वायरचा. स्विच बसवताना लॉक लावून ठेवतात, दिवा लागेपर्यंत तो आत फिरवतात, मग अर्धा फेरा आणखी देऊन नट आवळतात.

जॅक लावण्यापूर्वी

ही गोष्ट मला सगळ्यात जास्त कळकळीने सांगायची आहे, कारण इथे यंत्राबरोबर माणसाच्या जिवाचाही प्रश्न आहे. डिफेंडरचा हँडब्रेक चाकांवर नसतो. त्याचा ड्रम ट्रान्सफर केसच्या मागच्या आउटपुट शाफ्टवर असतो, म्हणजे ब्रेक प्रोपेलर शाफ्टला धरतो. चारही चाकं जमिनीवर असताना याने काही फरक पडत नाही. पण मागचं एक चाक उचललं की मागच्या ॲक्सलमधलं डिफरन्शियल मोकळं होतं. शाफ्ट थांबलेला असूनही जमिनीवरचं चाक एका दिशेने आणि हवेतलं चाक उलट दिशेने फिरू शकतं. हँडब्रेक पूर्ण ओढलेला असतानाही गाडी जॅकवरून घरंगळते.

मधला लॉक लावलेला असेल तर तोच हँडब्रेक पुढच्या शाफ्टलाही धरतो आणि जमिनीवरची पुढची दोन चाकं गाडी थोपवतात. म्हणून मागचं पंक्चर काढण्याआधी इग्निशन चालू करून लॉक लावायचा, दिवा लागल्याची खात्री करायची आणि मगच जॅक लावायचा. ठोकळे तरीही लावायचेच. लॉक अडकलेला असेल तर ही खात्री मिळत नाही. चिखलात कधीच न जाणाऱ्या, फक्त शहरात फिरणाऱ्या डिफेंडरलाही चालू लॉक हवा, त्याचं हे कारण.

दुसरं कारण आडरानातलं. एखादा प्रोपेलर शाफ्ट तुटला आणि लॉक उघडा असेल, तर सगळा जोर त्या तुटक्या टोकाला जातो आणि गाडी जागची हलत नाही. लॉक लावता आला तर तुटलेला शाफ्ट काढून गाडीत टाकायचा आणि उरलेल्या ॲक्सलवर गाव गाठायचं. लॉक लागलेल्या अवस्थेत कायमचा अडकला असेल तेव्हाही हीच युक्ती उलट्या बाजूने कामी येते: पुढचा शाफ्ट उतरवला की गाडी मागच्या चाकांवर, पीळ न साठवता, गॅरेजपर्यंत जाते.

मोटर असो वा व्हॅक्यूम

पहिल्या रेंज रोव्हरमध्ये हाच लॉक इंजिनच्या व्हॅक्यूमवर चालायचा. तिथे पिनेऐवजी रबरी नळ्यांच्या भेगा शोधाव्या लागत. टोयोटाच्या ८० सीरिज लँड क्रूझरमध्ये ट्रान्सफर केसवर एक छोटी विजेची मोटर आहे. न वापरता पडून राहिली की तिच्यात ओल जाते, आतले संपर्क हिरवे पडतात, दिवा लुकलुकत राहतो आणि लॉक लागत नाही. १९७७ पासून रशियात बनणाऱ्या लाडा निवाला लॉकसाठी स्वतंत्र लिव्हर आहे. त्याचा सांधा गाडीच्या पोटाजवळ, उडणाऱ्या पाण्याच्या वाटेवर, आणि तो डिफेंडरच्या पिनेसारखाच आवळतो. यंत्रणा तीन तऱ्हेच्या, आणि तिन्हींची देखभाल एकच: लॉक नियमित वापरायचा.

१९९८ साली आलेल्या दुसऱ्या डिस्कव्हरीत लँड रोव्हरने इलेक्ट्रॉनिक ट्रॅक्शन कंट्रोलवर भिस्त ठेवली आणि लॉकचा लिव्हरच काढून टाकला. सुरुवातीच्या गाड्यांत आतले दाते आणि फोर्क तसेच होते, फक्त बाहेरची जोडणी नव्हती. अनेक मालकांनी जुन्या गाड्यांचे भाग आणून ती स्वतः बसवली, आणि मॉडेलच्या अखेरच्या काळात कंपनीलाही लॉक परत द्यावा लागला. लिव्हर काढण्याचा तो निर्णय चूक होता असं मला वाटतं. ट्रॅक्शन कंट्रोल चाक घसरल्यानंतर जागं होतं आणि ब्रेक दाबून त्याला आवरतं, त्यात ब्रेक तापतात. लॉक चाकाला घसरण्याची संधीच कमी देतो.

महिन्यातून एकदा

महिन्यातून एकदा गाडी मातीच्या किंवा गवताच्या मोकळ्या जागेत न्या. उभ्या गाडीत किंवा सरळ, अगदी हळू जाताना लॉक लावा आणि दिवा बघा. शंभर-दोनशे मीटर चाला, एक-दोन सैल वळणं घ्या, लॉक काढा आणि दिवा विझेपर्यंत सरळ चाला. जमलं तर त्याच फेरीत लो रेंजही लावून काढा. पावसाळा संपल्यावर आणि समुद्राकाठच्या प्रवासानंतर गाडीचं पोट गोड्या पाण्याने धुवा, आणि वर्षातून एकदा पिनेच्या कडेला तेल आणि सळीच्या सांध्यांना ग्रीस द्या. याला लागणारा खर्च एका पंक्चरपेक्षा जास्त नसतो.

जुनी डिफेंडर, फॉर्च्युनर किंवा लँड क्रूझर विकत घेत असाल, तर विकणाऱ्याला ही फेरी तुमच्यासमोर मारायला सांगा. दिवा लागला आणि विझला तर पुढचं बोलणं करा. ‘तो लॉक कधी लागतच नाही वापरायला’ असं उत्तर आलं, तर गाडीखाली शिरून आर्मला स्वतःचा हात लावल्याशिवाय किंमत ठरवू नका.